साप्ताहिक बैठकीतले मुद्दे नोंदवणे आणि निकाली काढणे : मीटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्या टीमसाठी मार्गदर्शक

दर आठवड्याच्या बैठकीत तोच विषय निघतो, त्यावर तीच माणसे तेच बोलतात, कोणीतरी 'बघून घेतो' म्हणते आणि पुढच्या आठवड्यात तो विषय नव्याने सुरू होतो, हा अनुभव लहान कारखान्यापासून आयटी कंपनीपर्यंत सगळीकडे आहे. मीटिंग सॉफ्टवेअर घेतले की हे थांबेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी यादी नुसती फुगत जाते आणि काही आठवड्यांत लोक ती उघडायचेच सोडून देतात. सॉफ्टवेअर विसरत नाही, एवढाच त्याचा गुण. मुद्दा कसा लिहायचा, कोणता आधी घ्यायचा आणि तो संपला असे केव्हा म्हणायचे, हे टीमलाच ठरवावे लागते. या तिन्हींपैकी शेवटच्या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि विषय पुन्हा पुन्हा उगवतात ते प्रामुख्याने त्यामुळेच.

या प्रकारच्या अनेक सॉफ्टवेअरची रचना अमेरिकेतले जिनो विकमन यांनी मांडलेल्या 'एंटरप्रेन्योरिअल ऑपरेटिंग सिस्टिम', म्हणजेच ईओएस, या पद्धतीवर बेतलेली आहे. 'नाइन्टी' आणि 'ब्लूम ग्रोथ' ही त्यातली परिचित नावे. ईओएसची साप्ताहिक बैठक ९० मिनिटांची असते. पहिली २५ मिनिटे पाच-पाच मिनिटांच्या पाच भागांत जातात : चांगल्या बातम्या, आठवड्याचे आकडे, तिमाही उद्दिष्टांची स्थिती, ग्राहक व कर्मचाऱ्यांविषयीच्या ठळक गोष्टी आणि गेल्या आठवड्याची टू-डू यादी. त्यानंतरची ६० मिनिटे फक्त मुद्द्यांसाठी आणि शेवटची ५ समारोपासाठी राखलेली असतात. खालील पद्धत याच चौकटीवर उभी आहे. फक्त मुद्दा बंद करण्याच्या बाबतीत ही चौकट थोडी बदलून वापरावी असे माझे मत आहे. त्याचे कारण पुढे सांगतो.

आधी सगळे मुद्दे एका यादीत आणावेत

टीमचे मुद्दे सहसा व्हॉट्सॲप ग्रुपवर, ईमेलमध्ये, कोणाच्या तरी डायरीत आणि मागच्या बैठकीच्या मिनिट्समध्ये विखुरलेले असतात. सॉफ्टवेअर सुरू करताना एक तास काढून प्रत्येकाने आपल्याजवळचे सर्व मुद्दे यादीत टाकावेत आणि त्या तासात कशावरही चर्चा करू नये. त्यानंतरचा नियम असा की जे यादीत नाही, ते बैठकीत नाही. ग्रुपवर कोणी तक्रार मांडली तर 'यादीत टाका' एवढेच उत्तर द्यावे आणि हे उत्तर प्रमुखांनीही स्वतःला लावून घ्यावे. मशीन बंद पडली किंवा ग्राहकाची उत्पादनाची लाइन थांबली, तर अर्थातच फोन उचलायचा, बैठकीची वाट पाहायची नाही. पण ते का घडले, हा प्रश्न मात्र त्याच दिवशी यादीत नोंदवावा.

प्रत्येक टीमची एकच यादी असावी. व्यवस्थापन, उत्पादन आणि विक्री यांच्या बैठका वेगळ्या होत असतील तर याद्याही वेगळ्या ठेवाव्यात. एका टीमचा मुद्दा दुसरीकडे पाठवण्याची सोय अशा सॉफ्टवेअरमध्ये बहुधा असते. ती वापरताना समोरच्या टीमच्या एखाद्या माणसाला प्रत्यक्ष सांगावे, नाहीतर मुद्दा आपल्या यादीतून जातो आणि त्यांच्या यादीत तो कोणाच्याच लक्षात येत नाही.

मुद्दा लिहिण्याची रीत

यादीतल्या निम्म्या अडचणी लिहिण्यातून निर्माण होतात. 'डिस्पॅच', 'क्वालिटी प्रॉब्लेम', 'स्टोअरशी समन्वय नाही' अशा नोंदी लिहिणाऱ्याला त्या दिवशी पुरेशा वाटतात, पण पाच दिवसांनी त्यालाही नेमके काय म्हणायचे होते ते आठवत नाही, आणि बैठकीची पहिली दहा मिनिटे मुद्दा म्हणजे काय हे शोधण्यातच जातात.

उदाहरणादाखल भोसरी एमआयडीसीत पत्र्याचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना डोळ्यांसमोर आणू. त्या भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे बुधवारी गाडी वेळेवर सुटणे महत्त्वाचे. तिथल्या डिस्पॅच पाहणाऱ्याने 'डिस्पॅच लेट' असे लिहिण्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहावे :

'गेल्या ४ पैकी ३ बुधवारी गाडी सायंकाळी ७ नंतर सुटली. ठरलेली वेळ ५. तिन्ही वेळा इनव्हॉइस साडेसहानंतर निघाले. हवे आहे : कारण शोधून निर्णय.'

या नोंदीत काय घडले, किती वेळा घडले, अपेक्षा काय होती आणि टीमकडून काय हवे, हे चारही भाग आहेत. त्यातला चौथा भाग बहुतेक जण गाळतात, आणि वेळ वाचवण्याच्या दृष्टीने तोच सर्वांत उपयोगी आहे. मांडणाऱ्याला निर्णय हवा आहे, मदत हवी आहे की फक्त सर्वांच्या कानावर घालायचे आहे, हे आधीच कळले तर तीन मिनिटांच्या विषयावर वीस मिनिटे जात नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी वेगळा रकाना नसेल तर मुद्द्याच्या शीर्षकाची सुरुवातच 'निर्णय', 'मदत' किंवा 'माहिती' या शब्दाने करावी.

दोन गोष्टी मात्र लिहू नयेत. 'पॅकिंगला आणखी एक माणूस हवा' हा मुद्दा नव्हे, तो मुद्द्याच्या वेषातला तोडगा आहे. तसे लिहिले की चर्चा माणूस द्यायचा की नाही यावर होते आणि मूळ कारण बाजूलाच राहते. दुसरे म्हणजे 'स्टोअरवाले ऐकत नाहीत' यासारखी वाक्ये. ती वाचताच स्टोअरचा माणूस बचावाच्या तयारीने बैठकीला येतो. त्याऐवजी 'मागणी दिल्यापासून माल मिळेपर्यंत दोन दिवस लागतात' असे लिहिले तर त्यालाही त्यावर बोलता येते.

भाषेबद्दल एक छोटी सूचना. लोक बोलतात त्या मराठीतच लिहावे, पण लिपी एकच ठरवून घ्यावी. एकाने देवनागरीत आणि दुसऱ्याने रोमन लिपीत तोच शब्द लिहिला, तर सहा महिन्यांनी जुना मुद्दा शोधताना अर्ध्या नोंदी सापडतच नाहीत.

जवळचे आणि लांबचे

बहुतेक सॉफ्टवेअर मुद्द्यांचे दोन कप्पे देतात : या तिमाहीत सोडवायचे आणि नंतरचे. नवे ईआरपी (सगळ्या विभागांचे काम एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर) घ्यायचे का, दुसरी शिफ्ट सुरू करायची का, असे प्रश्न दर आठवड्याला समोर दिसत राहिले तर यादी ओझे वाटू लागते; ते दुसऱ्या कप्प्यात टाकून तिमाही बैठकीतच उघडावेत. साप्ताहिक कप्प्यात साधारण एका पडद्यावर मावतील इतकेच मुद्दे असावेत, असा माझा आग्रह आहे. त्यासाठी कोणतेही शास्त्र नाही. स्क्रोल करून खाली जावे लागणारे मुद्दे कोणी वाचत नाही, एवढेच निरीक्षण त्यामागे आहे.

बैठकीच्या आधी

बैठकीचा वार आणि वेळ बदलू नये. कोणी एक जण गैरहजर असला तरी बैठक व्हावी. परदेशी ग्राहक किंवा सहकारी बैठकीत असतील तर कॅलेंडरमधली वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाला बांधली आहे ते तपासून घ्यावे, कारण अमेरिकेत मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळे पुढे-मागे होतात, युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी होतात, आणि आपली होत नाहीत. वर्षातून काही आठवडे निम्मी टीम एक तास आधी किंवा नंतर येते ती यामुळेच.

आदल्या संध्याकाळपर्यंत मुद्दे नोंदवावेत आणि बैठक चालवणाऱ्याने त्या वेळी दहा मिनिटे काढून यादी वाचावी, सारखेच मुद्दे एकत्र करावेत, अस्पष्ट नोंद असेल तर मांडणाऱ्याला फोन करून ती नीट करून घ्यावी. ही दहा मिनिटे चुकवली की त्यांची भरपाई बैठकीत सात-आठ माणसांच्या वेळेतून होते. सुरुवातीच्या २५ मिनिटांत आकडे किंवा उद्दिष्टे वाचताना एखादी गोष्ट खटकली, तर तिथे चर्चा सुरू न करता ती एका क्लिकने मुद्द्यांच्या यादीत टाकावी. हे पाळणे सर्वांत कठीण जाते, कारण समोर लाल आकडा दिसत असताना गप्प राहणे आपल्या स्वभावात नाही.

मुद्द्यांचा तास

तासाच्या सुरुवातीला यादी वरून खाली घेत जाणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत चुकीचा मार्ग आहे. वरचा मुद्दा आधी नोंदवलेला असतो इतकेच. तो महत्त्वाचा असेलच असे नाही. प्रत्येकाने आपल्या दृष्टीने तीन मुद्दे निवडावेत, सॉफ्टवेअरमध्ये मतदानाची सोय असेल तर ती वापरावी, आणि सर्वाधिक मते मिळालेल्या तीन मुद्द्यांना क्रम द्यावा. पहिला मुद्दा पूर्ण होईपर्यंत दुसरा उघडू नये. पूर्ण तास एकाच मुद्द्यात गेला तरी हरकत नाही, कारण एक विषय मुळापासून सुटला तर त्यातून निघालेले चार छोटे विषय यादीतून आपोआप गळतात.

प्रत्येक मुद्द्यासाठी ओळख, चर्चा आणि तोडगा अशा तीन पायऱ्या आहेत, आणि ओळखीला सर्वाधिक वेळ द्यावा. मांडणाऱ्याने एका वाक्यात मुद्दा सांगावा, मग इतरांनी फक्त प्रश्न विचारावेत. टोयोटाचे ताइइची ओनो यांनी रूढ केलेली पाच वेळा 'का' विचारण्याची पद्धत इथे कामी येते, मात्र ती उलटतपासणीसारखी वाटू देऊ नये.

वरच्याच उदाहरणात गाडी उशिरा का सुटली, तर इनव्हॉइस उशिरा निघाले. इनव्हॉइस उशिरा का, तर फायनल इन्स्पेक्शन झालेला माल आणि पाठवायची संख्या यांचा मेळ बसत नव्हता. इथे सहसा क्वालिटीकडे बोट दाखवले जाते. क्वालिटीचा माणूस म्हणतो, "साहेब, आम्हाला पीपीसीने (उत्पादन नियोजन विभागाने) जो प्लॅन दिला तोच माल तपासला." पीपीसी म्हणते, "आमच्या हातात सोमवारचं शेड्यूल होतं." मग कळते की ग्राहक मंगळवारी संध्याकाळी सुधारित शेड्यूल ईमेलने पाठवतो, सेल्स ते ग्रुपवर टाकते, आणि तोपर्यंत प्लॅनिंगची शीट छापून शॉप फ्लोअरवर गेलेली असते. म्हणजे सुरुवातीला डिस्पॅचचा वाटणारा मुद्दा प्रत्यक्षात सेल्स आणि पीपीसी यांच्यातला आहे. सापडलेले मूळ कारण लगेच मुद्द्याच्या शीर्षकात लिहावे : 'मंगळवारी संध्याकाळचे सुधारित शेड्यूल प्लॅनिंग शीटपर्यंत पोहोचत नाही.' जुने शीर्षक खाली टीप म्हणून राहू द्यावे.

चर्चेत प्रत्येकाने आपले म्हणणे एकदाच सांगावे. तेच मत दुसऱ्यांदा वेगळ्या शब्दांत आले की ती चर्चा राहत नाही, समजूत घालणे होते, आणि बैठक चालवणाऱ्याने तिथे नम्रपणे थांबवावे. विषय भरकटू लागला तर भरकटलेली बाब यादीत नवा मुद्दा म्हणून टाकून मूळ विषयाकडे परत यावे. बोलणाऱ्यालाही आपले म्हणणे वाया गेले नाही याचे समाधान मिळते.

तोडगा प्रत्येक वेळी कामाच्या स्वरूपाचाच असेल असे नाही. कधी तो निर्णय असतो, कधी नुसती माहिती दिल्याने मुद्दा मिटतो, कधी तो दुसऱ्या टीमकडे जातो, आणि कधी 'हे आपण सध्या करणार नाही' असे स्पष्टपणे ठरते. शेवटचा प्रकारही तोडगाच आहे आणि तो लाजत लाजत घेण्यापेक्षा कारणासह लिहून घ्यावा. एकमत होत नसेल तर ज्याच्याकडे त्या विषयाची जबाबदारी आहे त्याने निर्णय द्यावा. मतमोजणी मुद्दे निवडण्यासाठी असते, तोडग्यासाठी नसते.

टू-डू

तोडगा ठरला की बैठक पुढे जाण्यापूर्वीच त्याची टू-डू नोंद करावी. एका नोंदीला एकच नाव असावे. 'सेल्स आणि पीपीसी' असे लिहिले की दोघेही दुसऱ्याने केले असेल असे समजतात. मुदत सात दिवसांची, म्हणजे पुढच्या बैठकीपर्यंतची. काम त्याहून मोठे असेल तर त्यातला सात दिवसांत होणारा पहिला तुकडा लिहावा. आपल्या उदाहरणात 'शेड्यूलचे बघणे' ही टू-डू होत नाही. 'मंगळवारी ५ नंतर आलेला बदल सेल्सने थेट सामायिक शीटमध्ये भरावा, यासाठी शीटमध्ये रकाना तयार करून पीपीसीला दाखवणे' ही होते. ती पूर्ण झाली की नाही, याचे उत्तर एका शब्दात देता येते, आणि हीच चांगल्या टू-डूची कसोटी.

पुढच्या बैठकीत टू-डू वाचताना 'झाले' किंवा 'नाही' एवढेच विचारावे. ईओएसमध्ये दर आठवड्याला किमान ९० टक्के टू-डू पूर्ण व्हावेत अशी अपेक्षा असते. सलग दोन आठवडे एखादे काम राहिले तर ते टू-डूमधून काढून पुन्हा मुद्दा म्हणून मांडावे, कारण बहुतेकदा त्या माणसाची टाळाटाळ नसते, त्याच्या वाटेत कोणतीतरी अडचण असते आणि ती त्याने सांगितलेली नसते.

मुद्दा बंद केव्हा करावा

ईओएसच्या पद्धतीत तोडगा ठरून टू-डू तयार झाली की मुद्दा सुटला असे मानून यादीतून काढला जातो. त्यामुळे यादी स्वच्छ राहते आणि बैठकीला गती येते, हे खरे. किरकोळ मुद्द्यांसाठी तेच योग्यही आहे. पण जे मुद्दे वारंवार घडणाऱ्या चुकांबद्दल आहेत, त्यांना ही रीत अपुरी पडते. काम झाले म्हणजे परिणाम झाला असे नव्हे. शीटमध्ये रकाना तयार झाला, पण सेल्सने तो भरला का, आणि भरल्यावर गाडी ५ वाजता सुटली का, हे कोणीच पाहिले नाही तर दीड महिन्याने 'डिस्पॅच लेट' पुन्हा यादीत येतो आणि सर्वांना तो नवा वाटतो.

कारखान्यातल्या लोकांना याचे उत्तर आधीच ठाऊक आहे. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ सालच्या आवृत्तीतले १०.२ हे कलम सुधारात्मक कृतीनंतर तिची परिणामकारकता तपासायला सांगते. फोर्डने १९८७ साली रूढ केलेल्या आणि आज वाहनउद्योगाचे पुरवठादार ग्राहकाच्या तक्रारीवर भरून देतात त्या एट-डी (समस्या टप्प्याटप्प्याने सोडवण्याच्या) अहवालातही उपाय लागू करून तो पडताळणे आणि पुन्हा घडू नये म्हणून तजवीज करणे, असे टप्पे आहेत. गंमत अशी की ग्राहकासाठी हा अहवाल काटेकोर भरणारी टीम स्वतःच्या साप्ताहिक मुद्द्यांना ती शिस्त लावत नाही.

म्हणून वारंवार घडणाऱ्या मुद्द्यांसाठी बंद करण्याचे दोन टप्पे ठेवावेत. तोडगा ठरला की मुद्द्यावर 'तपासणी' असे लेबल लावून तो साप्ताहिक यादीतून बाजूला काढावा आणि त्याच वेळी तपासणीची तारीख व कसोटी लिहून ठेवावी : 'पुढच्या ४ बुधवारी गाडी सुटण्याची वेळ, चारही वेळा ५च्या आत असल्यास बंद.' ही तपासणी मूळ मुद्दा मांडणाऱ्याने करावी, तोडगा राबवणाऱ्याने नव्हे. सॉफ्टवेअरमध्ये तारखेनुसार आठवण देण्याची सोय नसेल तर सात दिवसांची मुदत इथे बाजूला ठेवून चार आठवड्यांनंतरच्या तारखेची टू-डू मुद्दा मांडणाऱ्याच्या नावावर टाकावी. कसोटी उतरली तर मुद्दा बंद. नाही उतरली तर तोच जुना मुद्दा, जुन्या नोंदींसकट, पुन्हा उघडावा. नवा मुद्दा तयार करू नये, कारण मग मागे काय करून पाहिले ते शोधावे लागते.

महिन्यातून एकदा बंद झालेल्या मुद्द्यांची यादी पाहावी. त्यात एकाच विभागाचा किंवा एकाच ग्राहकाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येत असेल तर तो सगळा मिळून एक मोठा मुद्दा आहे असे समजून तिमाही बैठकीकडे पाठवावा. ज्या मुद्द्यांना तीन महिने कोणी हात लावलेला नाही, ते मांडणाऱ्याला विचारून काढून टाकावेत.

वरिष्ठांसमोर मुद्दा मांडणे

आपल्याकडे साहेब खोलीत असताना साहेबांशी संबंधित मुद्दा यादीत टाकायला कोणी धजत नाही, आणि कोणतेही सॉफ्टवेअर हे बदलू शकत नाही. मालकांनी किंवा प्रमुखांनी पहिले काही आठवडे स्वतःच्या कामातले अडलेले मुद्दे स्वतः मांडावेत आणि चर्चेत सर्वांत शेवटी बोलावे. त्यांनी सुरुवातीलाच मत दिले की बाकीच्यांची चर्चा संपते. काही सॉफ्टवेअरमध्ये नाव न दाखवता मुद्दा टाकता येतो, पण लहान टीममध्ये कोणी लिहिले ते सर्वांना कळतेच, म्हणून त्यावर फार भिस्त ठेवू नये. एखाद्या व्यक्तीच्या वागण्याबद्दलची, पगाराची किंवा प्रकृतीची बाब या यादीत कधीही येऊ नये. ती दोघांनी बंद दाराआड बोलायची असते. बैठकीचे ध्वनिमुद्रण करून आपोआप सारांश काढणारी सुविधा वापरायची असेल तर सर्वांची संमती आधी घ्यावी, आणि मराठी-हिंदी-इंग्रजीच्या मिश्र बोलण्यात संख्या व नावे चुकण्याची शक्यता लक्षात घेऊन सारांश तपासल्याशिवाय पाठवू नये.

सॉफ्टवेअर कोणते

सात-आठ जणांच्या टीमने सुरुवात गूगल शीटवर करावी : मुद्दा, मांडणारा, तारीख, काय हवे, मूळ कारण, तोडगा, तपासणीची तारीख, स्थिती, एवढे रकाने पुरतात. जिरा, आसना किंवा ट्रेलो यांसारखे कामे नोंदवण्याचे साधन आधीच वापरात असेल तर त्यातच एक वेगळा बोर्ड उघडावा. नवे साधन आणले की लोकांना दोन ठिकाणी पाहावे लागते आणि त्यातले एक मागे पडते. ईओएसला वाहिलेली सॉफ्टवेअर तेव्हा घ्यावीत, जेव्हा एकापेक्षा अधिक टीम याच पद्धतीने चालू लागतील आणि मुद्दे एकमेकींकडे पाठवण्याची गरज रोज भासू लागेल. घेण्यापूर्वी विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात : बंद केलेला मुद्दा जुन्या नोंदींसह पुन्हा उघडता येतो का, सर्व माहिती एक्सेलमध्ये काढून घेता येते का, आणि शुल्क प्रत्येक वापरकर्त्यामागे असल्यास फक्त वाचणाऱ्या माणसांचेही पैसे लागतात का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर शीटवरच काम चालू ठेवावे.